साठ ते सत्तर मोजायला लावणारी

चिमी माझी पाठची बहीण. सहा वर्षांनी धाकटी, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि ज्या दोन वर्षांची गोष्ट सांगतोय त्या दोन वर्षांत माझ्या डोळ्यात सलणारी. मी थोरला. गोष्ट सांगताना पदोपदी 'मी, मी' केलं की ऐकणारा जांभया देतो, म्हणून इथून पुढे मी स्वतःलाही थोरलाच म्हणतो. म्हणजे त्याचं कौतुकही मोकळेपणाने करता येईल.

तर थोरला कवळ्या करतो. दोन खोल्यांचं दुकान, वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. ते तोंडाचा ठसा घेऊन खाली पाठवतात, इथे प्लास्टरचा साचा होतो, त्यावर गुलाबी मेण, मेणात एकेक दात. थोरल्याने लावलेले दात बघून सख्खी बायको सांगू शकणार नाही की नवऱ्याचे आहेत की दुकानातले. हे तो फुशारकी म्हणून सांगत नाही. असं झालेलंच आहे, दोनदा.

चिमी बी.एस्सी. झाली तेव्हा थोरला म्हणाला, नोकरी लागेपर्यंत बस दुकानात. त्याला सतरा वर्षं झाली. घासायचं, पॉलिश करायचं, गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवून बघायचं, हे सगळं तिच्याकडे आलं. दिसायला दात थोरल्याचे. पण कवळी बसवली की ती गिऱ्हाइकाला आरशापासून लांब न्यायची, खुर्चीत बसवायची आणि म्हणायची, "साठपासून सत्तरपर्यंत मोजा."

साठ, एकसष्ट, बासष्ट. एवढे स पाठोपाठ आले की कवळीचं सगळं बिंग बाहेर येतं. कुणाची शिट्टी वाजते, कुणाचा स जाऊन श येतो, कुणाची जीभ मध्येच अडकून बसते. थोरल्याचं यावर सतरा वर्षं एकच औषध होतं: "चार दिवस घाला, जीभ शिकते आपोआप." चिमीला ते पटायचं नाही. ती कवळीच्या टाळूवर टाल्कम पावडर भुरभुरवायची, परत तोंडात बसवायची, स म्हणायला लावायची, हलकेच काढायची. जिथे जीभ टेकली तिथली पावडर पुसलेली असायची. त्यावरून ती कुठे घासायचं ते ठरवायची.

"कवळीला पावडर लावून कुठे पाठवतेस, लग्नाला?" थोरला विचारायचा.

ती हसायची आणि तिला हवं तेच करायची.

अशात हेडमास्तर आले. रिटायर होऊन बारा वर्षं झालेले. याच मास्तरांनी थोरल्याला नववीत एक वर्ष बसवून ठेवलं होतं, म्हणून थोरल्याने त्यांचे वरचे दात असे काही लावले की मास्तर दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. म्हटलं, बघा म्हणावं नापास पोराचा हात. पण मास्तर कवळी घालून गप्प झाले. दुकानात येऊनही मान हलवायचे फक्त. बोलले की त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. चिमीने आधी कवळीची टाळू घासून बघितली. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा तिने त्यांना दुकान बंद व्हायच्या वेळी रोज अर्धा तास बोलावलं. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं, जीभ कुठे ठेवायची ते ती सांगणार. सहा आठवडे. थोरला शटर अर्धं ओढून, किल्ली बोटात फिरवत उभा.

सहा आठवड्यांनी मास्तर खणखणीत बोलायला लागले आणि बाजारभर सांगत सुटले. काय सांगत सुटले? "चिमीने मला बोलतं केलं." दात कुणाचे, ते कुणी विचारलं नाही.

त्याच सुमारास चिमी एकदा म्हणाली, "दादा, ह्याचं शिक्षण असतं."

"कशाचं?"

"हेच. लोकांना बोलायला शिकवायचं. स्पीच थेरपी. अर्धांगवायू झालेले, तोतरे, जन्मापासून ऐकू न येणारी मुलं, सगळे येतात. एम.एस्सी. असते दोन वर्षांची."

"अडतिसाव्या वर्षी?"

"चालतं. आधीचे काही विषय राहिलेत माझे, ते बाहेरून देता येतात."

थोरल्याला वाटलं, खूळ आहे, जाईल. ते गेलं नाही. चिमी सकाळी दुकान उघडायच्या आधी पुस्तक घेऊन बसायला लागली. कानाची चित्रं, घशाची चित्रं. दर गुरुवारी दुपारी इस्पितळात जायला लागली, कारण अर्जाला पंचवीस तास नुसतं बसून बघितल्याचा दाखला लागतो. तिथे एक वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या. आणि मग सुरू झालं बाईपुराण. बाई असं म्हणाल्या, बाई तसं करतात, बाई पेशंटला उत्तर द्यायला पूर्ण वेळ देतात, मध्ये बोलत नाहीत.

"मी मध्ये बोलतो का?" थोरल्याने विचारलं.

"दादा, मी अजून वाक्य—"

"नाही, तू सांग ना, मी बोलतो का मध्ये?"

त्याची बायको, म्हणजे चिमीची वहिनी, आतल्या खोलीतून हसली. थोरल्याने त्या दिवशी दोन साचे फोडले. प्लास्टर हलकं आलं होतं, असं तो म्हणाला.

खरं सांगायचं तर त्याच्या पोटात दुखत होतं. सतरा वर्षं जे काही येतं ते त्याने शिकवलं होतं, आणि ही गुरुवारची चार तासांची बाई येऊन गुरू होऊन बसली. गिऱ्हाइकं दारातून विचारायची, "ताई आहेत का?" थोरला समोर एप्रन घालून उभा, मेणाने हात भरलेले, आणि ताई आहेत का. त्याने फळीवर तिची पुस्तकं होती तिथे प्लास्टरची पोती ठेवली. तिने पुस्तकं उचलून खिडकीत ठेवली. भांडलीही नाही. त्यावर तर थोरल्याचा जास्तच जळफळाट झाला.

अर्ज गेला. शुक्रवारी संध्याकाळी चिमी कॉलेजच्या गावाला निघाली. शनिवारी लेखी, सोमवारी मुलाखत, मंगळवारी सकाळी परत. जाताना म्हणाली, "दादा, जागा वीस आहेत, अर्ज तीनशे. माझ्या वयाची मी एकटीच असेन. यंदा नाही झालं तर पुन्हा नाही भरणार."

थोरला म्हणाला, "बरं." मनात म्हणाला, बरंच होईल.

शनिवारी दुपारी मास्तर आले. रुमालात कवळी गुंडाळलेली, मधोमध तडा. धुताना बेसिनमध्ये पडली. वरचे दात नसले की मास्तरांचं बोलणं म्हणजे नुसता फसफसाट, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून आणली होती. अक्षर अजून तसंच, फळ्यावरचं. थोरल्याने वाचली.

'मंगळवारी सकाळी अकरा वाजता चिमीच्या कॉलेजातून मला फोन येणार आहे. कामाच्या ठिकाणचं शिफारसपत्र मी दिलं आहे, त्याची खात्री करणार आहेत. तोवर कवळी हवी.'

थोरल्याने चिठ्ठी दोनदा वाचली. शिफारसपत्र. कामाच्या ठिकाणचं. काम थोरल्याच्या ठिकाणी आणि पत्र मास्तरांचं. सतरा वर्षं पोटच्या पोरासारखं शिकवलं आणि पत्र मागितलं ते गिऱ्हाइकाकडे, तेही नववीत नापास करणाऱ्याकडे.

"बुधवारी मिळेल," तो म्हणाला.

मास्तरांनी चिठ्ठीवरचा 'मंगळवारी' बोटाने दाखवला.

"माल संपलाय मास्तर. बुधवारी."

मास्तर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले, नववीत बघायचे तसे. मग गेले. थोरल्याने कवळी रुमाल-चिठ्ठीसकट ट्रेमध्ये टाकली आणि ट्रे सगळ्यात खालच्या खणात ढकलला. दीड तासाचं काम होतं. मालाचे, म्हणजे कवळीच्या गुलाबी प्लास्टिकचे, दोन डबे मागच्या फळीवर भरलेले होते.

रविवार गेला. सोमवारी दुपारी वहिनी चहा घेऊन दुकानात आली, कप ठेवायला ट्रे शोधता शोधता खालचा खण तिनेच उघडला आणि रुमाल बघितला. चिठ्ठीही त्यातच होती.

"अहो, हे काय?"

"रिपेअर. बुधवारचं."

"फोन उद्या आहे."

"मग असू दे. तिने पत्र माझ्याकडे मागितलं का?"

"तुमच्याकडे कसं मागेल? फॉर्मवर लिहिलंय, नातेवाईक चालत नाही. मीच वाचून दाखवलं होतं तिला. तुम्ही तेव्हा मॅच बघत होतात."

"मालक चालतो की नाही?"

"मालक भाऊ असला की नाही चालत." वहिनीने कप ठेवला. "बरं, नका देऊ. उद्या मास्तर तसेच फोनवर बोलतील, फू फू करत. कॉलेजातली माणसं विचारतील, हे काय झालंय तुम्हाला? मास्तर सांगतील, कवळी मोडलीय. मग विचारतील, कुणी केली होती?"

थोरला चहा पिता पिता थांबला.

"एवढी मोठी माणसं," वहिनी म्हणाली, "जीभ, टाळू, दात यातच आयुष्य गेलेली. त्यांच्यात तुमचं नाव निघेल." आणि ती गेली.

थोरल्याने एप्रन बांधला.

तडा सांधला, माल भरला, शिजवला, घासला. परत मोडू नये म्हणून टाळूला चांगली जाड भर घातली. त्याच्या हातची कवळी दुसऱ्यांदा मोडली असं कुणी म्हणायला नको. सहा वाजता मास्तरांना बोलावलं. कवळी बसवली. कुठून जोडलीय ते शोधून दाखवा, असं काम.

"मोजा मास्तर. साठ ते सत्तर."

"शाठ," मास्तर म्हणाले. "एकशष्ट. बाशष्ट."

थोरल्याच्या तोंडावर आलं होतं, चार दिवस घाला, जीभ शिकते. पण चार दिवस नव्हते, सतरा तास होते. त्याने अंदाजाने एका बाजूने घासलं. शाठच. दुसऱ्या बाजूने घासलं. शिट्टी यायला लागली, वर श होताच. मास्तर गप्प झाले, परत ते जुने मान हलवणारे मास्तर.

पावडरचा डबा चिमीच्या खणात होता. थोरल्याने आजवर त्याला हात लावला नव्हता, कारण ही बाईंचीच शिकवण असणार अशी त्याची खात्री होती. खरं म्हणजे बाई भेटायच्या कितीतरी आधीपासून चिमी ते करत होती, पण जळणाऱ्या माणसाला तारखा आठवत नाहीत. त्याने पावडर भुरभुरवली. बसवली. "नुसता स म्हणा." काढली. दिव्याखाली धरली.

टाळूच्या बरोबर मध्यावर पावडर पुसली गेली होती. तिथे जीभ टेकायला नको, वारा जायला वाट हवी, आणि नेमकी तिथेच त्याने मजबुतीची भर घातली होती. त्याने केसभर घासलं. पावडर, स, दिवा. परत केसभर. मास्तर त्रेसष्टला अडकले, मग सदुसष्टला. थोरल्याने बघायचं सोडलं, डोळे मिटून ऐकत बसला. दात कसे दिसताहेत याची त्या तासाभरात त्याला आठवण झाली नाही. सातव्या खेपेला मास्तर साठपासून सत्तरपर्यंत सरळ गेले आणि एकाहत्तरवरही थांबले नाहीत, ऐंशीपर्यंत मोजत राहिले.

"पास," मास्तर म्हणाले. स स्वच्छ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पावणेअकरालाच दुकानात हजर. म्हणाले, ऐन वेळी काही झालं तर तू जवळ असलेला बरा. अकराला फोन वाजला. मास्तरांना ऐकायला कमी येतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला. थोरला पाठ करून एक कवळी घासायला बसला आणि मशीन काही चालू केलं नाही.

"आपण त्यांचे नातेवाईक?" फोनवर कॉलेजातल्या एक बाई होत्या.

"नाही, गिऱ्हाईक. माझे वरचे दात त्यांच्या दुकानातले."

"त्या पेशंटबरोबर कशा वागतात? कंटाळतात का?"

"मी कंटाळलो होतो. एकदा वर्तमानपत्र फेकलं. तिने उचललं, घडी सरळ केली आणि म्हणाली, हवामानाचा अंदाज राहिलाय, तेवढा वाचा."

तिकडे हसण्याचा आवाज आला. मास्तर दहा मिनिटं बोलले, एकही स घसरला नाही. थोरल्याचं नाव एकदाही निघालं नाही.

"शेवटचं एक," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं पूर्ण वेळ आहे. नोकरीतले लोक प्रवेश घेतात आणि मध्येच सोडून जातात. काम करतात तिथून त्यांना मोकळीक मिळेल?"

"ते मालकच सांगतील. इथेच आहे, कान टवकारून." मास्तरांनी फोन पुढे केला.

थोरल्याच्या जिभेवर सगळं तयार होतं. सतरा वर्षं, कुणी शिकवलं, कवळी कुणाची, काल टाळू कुणी घासली. त्याने हात एप्रनला पुसले.

"मालक बोलतोय," तो म्हणाला. "सोडली तिला. पूर्ण दोन वर्षं."

"लिहून द्याल?"

"आत्ता देतो."

"मग एवढंच राहिलं होतं. यादी संध्याकाळी लागेल. त्यांना नाव बघायला सांगा."

थोरला पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहीत होता तेव्हा चिमी आली, खांद्याला बॅग, रात्रभरच्या प्रवासाने डोळे लाल. मास्तरांना बघून म्हणाली, "फोन आला?"

"आला. संध्याकाळी यादीत नाव बघ म्हणाल्या."

चिमी खाली बसली, दाराशीच, बॅगेवर. मग मान वर करून मास्तरांकडे बघायला लागली. "मास्तर, मोजा बघू."

मास्तरांनी मोजलं. तिने कवळी मागून घेतली, टाळूवरून अंगठा फिरवला, मधल्या खोलगट जागेवर थांबली.

"ही कुणी घासली?"

"दुकानात दुसरं कोण होतं?" थोरला लिहिता लिहिता म्हणाला.

"छान झालीय दादा."

थोरल्याने सही केली, कागद फाडला, तिच्या हातात दिला. ती वाचत होती तेवढ्यात त्याला राहवलं नाही.

"तुझ्या त्या गुरुवारच्या बाईंना जमली असती?"

चिमीने कागद वाचून त्याची घडी केली, तो बॅगेत ठेवला, चेन लावली.

"नाही," ती म्हणाली. "बाईंना कवळी कुठे येते."

थोरला उठला, खिडकीतली पुस्तकं उचलून त्याने तिच्या बॅगेशेजारी ठेवली, प्लास्टरची पोती होती तिथेच राहू दिली, आणि वर दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना हे सगळं सांगून आला.