वाळून राहिले

अकोल्याच्या फलाटावर गाडी हलली तेव्हा माय खिडकीसोबत चालत होती. "तिकडची बोली शिक, पन आमच्याशी आपलीच बोल वं," म्हणाली. ताई, तू मागं थैलीभर संत्री घेऊन उभी होती. ती द्यायची राहूनच गेली.

पुण्यात मी एका प्रयोगशाळेत औषधाचे बारीक कण बनवते. शरीरात हळूहळू विरून जाणारं पॉलिएस्टर द्रावकात विरघळवायचं, पाण्यात घुसळून थेंब करायचे. द्रावक निघून गेला की थेंबाचा कण होतो. सगळी गंमत त्याच्या जाण्यात आहे. डायक्लोरोमिथेन हा द्रावक पाण्यात फारसा मिसळत नाही, सावकाश निघतो. कण भरीव होतो. इथाइल अ‍ॅसिटेट पाण्यात घाईनं उतरला, की वरून कवच धरतं अन् आत पोकळी राहते.

पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेतल्या सोबतिणीनं फोनवर विचारलं, "कण झाले का?" मी म्हटलं, "वाळून राहिले." आपल्याकडं याचा अर्थ, अजून वाळतायत. तिनं ऐकलं, वाळले. तिनं घुसळण थांबवून कण गाळले. आत द्रावक तसाच, सगळ्याचा चिकट गोळा! सर चारचौघांत म्हणाले, "आधी मराठी शिका." तोंडात मारल्यासारखं झालं. मग मी हट्टानं शिकली. वाळतायत, करतेय, येतेय. वर्षभरात लोक म्हणू लागले, "विदर्भातल्या? वाटत नाही हो!" अन् मले, मेलीले, ते गोड लागे.

मग माय दवाखान्यात. बाबांचा फोन आला, "बरी होऊन राहिली. येऊन जाय एकदा." मी ऐकलं, बरी झाली. इथाइल अ‍ॅसिटेटची बॅच चालू होती. म्हटलं, रविवारी जाईन. बाबा सांगत होते की अजून होतेय, अजून व्हायची आहे. शुक्रवारी माय गेली.

तेरवीला तू विचारलं, "काहून नाई आली वं?" काय सांगू? सख्ख्या बापाचं बोलणं समजलं नाही म्हणून? जळो ते शुद्ध मराठी! त्या बॅचचे कणही वरून गोल अन् आत पोकळच निघाले. मी काही त्यांच्याहून वेगळी नाही.

आता घर म्हणजे तुझा शनिवारचा फोन. काल मी म्हटलं, बाबांना फोन दे. तू म्हणाली, "जेवून राहिले."

मी विचारलं, "जेवले, की जेवतायत?"

तू "बाबांले सांगतो, पुण्याहून कोनाचा तरी फोन होता," म्हणाली, अन् ठेवून दिला.