चुडामण सरांची झोपलेली रेघ

चुडामण सर धुळ्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात तरंगत. उरलेला वेळ बराच असे. सासुरवाडीहून जळगावमार्गे एसटीने परतताना खिडकीबाहेर कपाशीच्या ओळी मागे सरकत, आणि सरांना तो सगळा मुलूख आलेखाचा कागद वाटू लागे. रस्त्याकडेच्या विजेच्या तारेच्या खाली-वर उडणारे पक्षी म्हणजे ठिपके, तार म्हणजे त्यांच्यामधून ओढलेली रेघ. धुळ्याचा स्टँड आला की कंडक्टर त्यांना हलवून विचारी, "सर, उतरता का तसेच शिरपूरला चालता?"

पण वर्गात हा माणूस जागा असे. 'रिग्रेशन' या शब्दाला पुस्तकात 'समाश्रयण' असं भारदस्त नाव होतं. ते ऐकून पोरांना एखाद्या महाराजांचा आश्रम आठवे. सर ते नाव बाजूला ठेवत आणि फळ्यावर ठिपके काढत.

"ही घरं. मळ्यात विखुरलेली. आता यातून एसटीचा सरळ रस्ता काढायचाय. सगळ्यांच्या दारातून जाईल का?"

"नाही सर."

"मग असा काढायचा, की सगळ्यांचं मिळून गाऱ्हाणं कमीत कमी होईल. आणि दुप्पट लांब राहणाऱ्याचं गाऱ्हाणं दुप्पट नाही, चौपट धरायचं. झालं रिग्रेशन."

पोरं खूश होत आणि परीक्षेत मात्र गाईडातलंच लिहीत, कारण पुस्तकातली उदाहरणं परदेशी कारखान्यांतल्या पोलादाची. वर्गातल्या साक्रीकडच्या लोटनला त्या पोलादाशी काय घेणं? सरांचं एकच स्वप्न होतं: आपल्या मातीतून उगवलेली एक रेघ पोरांनी स्वतःच्या हातांनी ओढावी.

विभागप्रमुख भाईदास सर स्वप्नं पाहत नसत, नोट्स देत. ते म्हणाले, "चुडामणराव, एकदा करा तुमची हौस. रेघ निघाली तर पुढेही करा. नाही निघाली, तर मुकाट्यानं नोट्स सांगायच्या, शब्दन् शब्द."

पोरांना न्यायला सरांनी रावेरकडची सासुरवाडीच निवडली. सासरे निंबाआबा केळीवाले, घडांची कापणी चालूच होती. झाडाच्या बुंध्याचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजायचा, कापलेला घड काट्यावर चढवायचा. बुंधा जाड तर घड भारी, आणि जाडीबरोबर वजन किती चढतं ते रेघ सांगणार. इतकं सरळ.

केळीच्या बागेत शिरलं की ऊनसुद्धा हिरवं होतं. पानांखालचा तो हिरवा, ओलसर अंधार, पाटातलं पाणी, कुठेतरी पान फाटल्याचा आवाज. सर पाण्याखालून चालल्यासारखे चालत होते. पुढे आबा, पांढरी टोपी नीट बसवून, झाडं दाखवत होते. "हे घ्या. आन् हे. तिकडे नका जाऊ पोरायहो, तिकडे काही नाही." दुपारी पुरणपोळी झाली, आणि सर रेघ खिशात घातल्याच्या थाटात धुळ्याला आले.

वर्गात लोटननं ठिपके मांडले. सगळे एका कोपऱ्यात, वरातीत बँडवाल्याभोवती गर्दी व्हावी तसे. गणित करून रेघ ओढली, तर ती आडवी. चढच नाही! बुंध्याच्या घेराचा घडाच्या वजनाशी जणू काही संबंधच नव्हता.

"सर," लोटन हळहळून म्हणाला, "रेघ ते झोपी गई!"

दारातून भाईदास सरांनी डोकावून पाहिलं, आणि टेबलावरचा खडूचा डबा उचलून घेऊन गेले. नोट्स सांगायला खडू लागत नाही. सरांना अर्थ कळला.

घरी जेवताना कुंदाबाईंनी विचारलं, "अहो, भात कोणत्या ठिपक्यात कालवताय?" सरांनी झाली गोष्ट सांगितली. कुंदाबाई ऐकत होत्या, मग पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"आबांनी झाडं विहिरीजवळचीच दाखवली ना?"

"हो. एकाहून एक सरस!"

"मग? जावई पोरं घेऊन आलाय, आणि आबा त्याला मरतुकडं झाड दाखवतील? पाहुण्यांच्या पानात करपलेली पोळी वाढतं का कोणी?"

सरांचा घास हातातच राहिला. सगळी झाडं सारखीच जाड, सगळे घड सारखेच भारी. चढ दिसायचा तर बारीकही हवं, जाडही हवं. आणि बारकं तेवढं आबांच्या इभ्रतीनं झाकून ठेवलं होतं. आता सासऱ्याला 'तुमची वाईट झाडं दाखवा' म्हणायचं कोणी?

पुढच्या रविवारी सर आणि पोरं पुन्हा निघाली, तेव्हा कुंदाबाईच बरोबर आल्या. आबा ओट्यावर बसले होते. बारकी झाडंही मोजायची आहेत हे ऐकून त्यांचा चेहराच उतरला.

"मी काय जावाईबापूले बांधावरचे रोडके घड दाखवू? गाव हासंन मले!"

"आबा, तुमची शान राहील, पण त्यांची नोकरीतली हौस जाईल. मग ते घरी बसून मला नोट्स सांगतील. शब्दन् शब्द. चालेल?"

आबांनी जावयाकडे नीट पाहिलं. जावई छपरावरच्या धुराच्या रेघेत हरवला होता. आबांना लेकीची दया आली असावी. ते उठले.

बांधावरची झाडं दाखवताना त्यांचं तोंड एकसारखं चालू होतं. "हे माहं नाही, कडुनिंबाच्या सावलीचं आहे. याले पाटाचं पानीच पोचत नाही. हे तर वाऱ्यानं वाकवलं, त्याच्यात माहा काय गुन्हा?" लोटन ते सगळं घेराशेजारी टिपत होता.

सोमवारी वर्गात नवे ठिपके पडले आणि रेघ उठून बसली; मग कोपऱ्यातून निघून डाव्या हाताकडून उजवीकडे चढत गेली, सातपुड्याच्या पायथ्याची वाट चढते तशी. पोरं बाकांवरून उठून फळ्यापाशी आली.

"पण सर, हाई ठिपका इतला खाले काब्र शे?" लोटननं कारण विचारलं, आणि सर तोंड उघडणार तेवढ्यात स्वतःच म्हणाला, "सावली! सर, सावलीबी धरनी पडी. पानीबी!"

भाईदास सर दारात उभे होते. "नोट्स?" त्यांनी विचारलं.

कोणी मान वर केली नाही. लोटन पाण्याच्या पाटापासूनचं अंतर मांडत होता. चुडामण सर खिडकीशी उभे राहून खडूनं पांढरी झालेली बोटं उन्हात धरून पाहत होते, आणि यावेळी त्यांना हलवून उठवायला कोणीही गेलं नाही.