सगळ्यात साध्या अर्थाची चिठ्ठी

यॉर्कच्या त्या शब्दकोशाच्या कचेरीत मिस हेस्टर ब्रॅडवेलने अकरा वर्षं एकाच शब्दाबरोबर संसार केला. शब्द कसला, तीन इंग्रजी अक्षरांचा : सेट. सूर्य मावळला की सेट, मोडलेलं हाड बसवलं की सेट, सशासाठी फास लावला तरी सेट आणि रविवारची जेली थिजली तरी सेटच. असे एकशे एकोणसाठ अर्थ तिने वेगळे काढले होते. प्रत्येक अर्थाला एक खण, खणात चिठ्ठ्या आणि चिठ्ठीवर छापील पुस्तकातलं एक वाक्य, वर्ष, पान. ही वाक्यं गावोगावचे हौशी वाचक टिपून पाठवत. आपल्या मनचं वाक्य घालायचं नाही, हा कचेरीचा धर्म.

“बाई, लग्न केलं असतंत तर एव्हाना सून आली असती,” शेजारच्या टेबलावरचा पर्सी लम म्हणायचा.

“आणि तीही तुझ्यासारखीच बडबडी निघाली असती. काम कर.”

छपाई आठवड्यावर आली आणि संपादक गॉडलिंगसाहेब पहिलाच खण घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

“वस्तू कुठेतरी ठेवणे. सगळ्यात साधा अर्थ. आणि १७९० नंतर एकही चिठ्ठी नाही? एकशे वीस वर्षांत या देशात कुणी काही ठेवलंच नाही?”

“ठेवलं, साहेब. टिपलं नाही कुणी. विचित्र वाक्य दिसलं की वाचक झडप घालतात. टेबलावर वाटी ठेवली, हे कोण लिहून पाठवतंय? जो तो म्हणतो, दुसऱ्याने पाठवलं असेल.”

“मग तुम्ही शोधा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर हा शब्द तरण्या डोळ्यांकडे देतो.”

ते सहज बोलले, पण तिने खण घाईने आपल्याकडे ओढून घेतला. दोन वर्षं बारीक छपाई तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती, आणि हे तिने देवालाही सांगितलं नव्हतं. तीन दिवस तिने कादंबऱ्या उपसल्या. वाक्यं समोरून जात असणार, खंडीने जात असणार. तिला दिसत नव्हती. पर्सीला ‘जरा वाच रे’ म्हणावं, तर बिंग फुटलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी असताना, तिने कोरी चिठ्ठी ओढली. ‘तिने किटली चुलीवर ठेवली.’ खाली एका जुन्या पाकपुस्तकाचं नाव, १८४८, पान त्रेसष्ट. छपाईआधी प्रत्येक चिठ्ठी पुस्तकाशी ताडली जाते, हे तिला ठाऊक होतं. पण पाकपुस्तकं ग्रंथालयात कोण ठेवतंय?

ताडायचं काम पर्सीकडे होतं. शुक्रवारी तो हळूच तिच्या टेबलाशी वाकला.

“बाई, ते पुस्तक माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात आहे. पान त्रेसष्टवर डुकराच्या मुंडीची कृती आहे. किटली कुठेच नाही.”

तिने समोरचे कागद उगाच सरळ केले.

“पान चुकलं असेल, हो ना? मी बरोबरची खूण करून टाकतो. एकच तर चिठ्ठी आहे!”

“मग तुझी-माझी गरज काय इथे?” तिने चिठ्ठी त्याच्या हातातून काढून घेतली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

गॉडलिंगसाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“अशा आणखी किती?”

“एवढी एकच.”

“हे मी कशावरून मानू?” त्यांनी खणांच्या भिंतीकडे पाहिलं. “तुमच्या हातून गेलेली प्रत्येक चिठ्ठी पुन्हा ताडावी लागेल. एकतीस हजार.”

“मी ताडते, साहेब. पगार नको.”

“तुम्ही नाही.”

ती टोपी घालून निघाली. खणांकडे तिने पाहिलं नाही. पर्सीने दार उघडून धरलं.

एकतीस हजार चिठ्ठ्यांना दोन वर्षं लागली; तोवर छपाई अडून राहिली. शेवटची ताडून झाली त्या रविवारी पर्सी तिच्या भाचीच्या घरी गेला. ती खिडकीशी बसली होती, चेहरा उजेडाकडे. तो आत आला तरी मान वळली नाही.

“बाई, मी पर्सी. सगळ्या खऱ्या निघाल्या. एकूण एक. पान नाही चुकलं, वर्ष नाही.”

“आणि पहिला अर्थ?”

“सापडलं वाक्य. तुम्ही चाळलेल्याच एका कादंबरीत होतं.”

तिने चेहरा त्याच्या आवाजाच्या दिशेला वळवला.

“कितव्या पानावर?”

“चौथ्या,” पर्सी म्हणाला.