व्हेरी पथेटिक

तालुक्याच्या बातमीदाराकडे छापलेलं फारसं उरत नाही. ते रद्दीत जातं. उरतात ते न छापलेले किस्से. डहाणू स्टेशनसमोरच्या टपरीवर आम्ही चार पत्रकार बसलो की तेच निघतात. माझ्याकडचे बरेचसे एकाच शब्दाचे आहेत: पथेटिक. कॉलेजात सरांनी अर्थ सांगितला होता, करुण, काळीज हलवणारं. आमच्याकडे अर्थ एवढाच, की बघून झालं, आता निघतो.

*

तलासरीकडे एक पाडा आहे. मधे ओहोळ, त्यावर पूल नाही. पावसाळ्यात आजारी माणूस बांबूला बांधलेल्या झोळीतून पाण्यातून न्यायचा. माझी बातमी वाचून एक मोठे साहेब आले. काठावर उभे राहिले, गॉगल काढला आणि म्हणाले, "व्हेरी पथेटिक."

पाड्यातल्या लखमीबायने मला विचारलं, "भाऊ, काय बोलला सायेब?"

"वाईट वाटलं म्हणाले."

"आन् पूल?"

तेवढ्यात साहेबांनी मला हाक मारली. घोलवडचे चिकू चांगले कुठे मिळतील, हे त्यांना विचारायचं होतं.

*

त्या झोळीचा फोटो मी मुंबईला पाठवला. डेस्कवरच्या मुलीचा फोन आला. "सर, फोटोतले लोक हसतायत."

"पुढच्याचा पाय घसरला, म्हणून हसले."

"पथेटिक वाटत नाही ना. दुसरा पाठवा."

"गरिबांनी हसायला बंदी आहे का?"

"बंदी नाही सर. पण पान एकवर नको."

*

लखमीबाय पुलाचा अर्ज घेऊन कचेरीत गेली, मी सोबत होतो. इंजिनीअर साहेब तरुण आणि सभ्य. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. "मावशी, तुमची परिस्थिती पथेटिक आहे, मान्य. पण तुमच्याहून पथेटिक दोन पाडे आहेत. आधी त्यांचं."

मी 'पथेटिक'चं मराठी करून सांगितलं. लखमीबायने चहा बशीत ओतला. "म्हंजे आमचं आजून बिघडाया पायजे?"

इंजिनीअर म्हणाले, "तसं नाही." मग कसं, ते मात्र सांगितलं नाही.

*

पुढे व्हिडिओवाले यायला लागले. वापीचे, बोरिवलीचे, कुठकुठचे. एकदा मी गेलो तर झोळीत लखमीबायचा मुलगा कमलेश पडलेला. उंबरगावच्या कंपनीत पत्रे उचलणारा धट्टाकट्टा गडी, डोळे मिटून कण्हत होता. झोळी ओहोळाच्या मधोमध थांबवलेली, म्हणजे पाणी नीट दिसावं. काठावरची मुलगी मोबाईलसमोर म्हणत होती, "सो पथेटिक, गाईज."

ती गेल्यावर मी भडकलो. "हे नाटक कशाला करता? उद्या खरं सांगाल तर कोण विश्वास ठेवील?"

लखमीबाय शांतपणे झोळी सोडत होती. "खरा दुखणाईत आसतो तवा कोन येतो, भाऊ? मंग धडधाकटच झोपवायचा."

तीस वर्षं बातमीदारी करतोय. झोळीची दुसरी गाठ मी सोडली.

*

आणि हा यंदाचा. इंजिनीअर साहेब अखेर जागा बघायला येणार होते. मीही गेलो. पाऊस धरलेला, ओहोळ मांड्यांपर्यंत. साहेबांनी मापाची टेप काढली आणि समोरून झोळी पाण्यात उतरली. बांबूच्या पुढच्या टोकाला कमलेश, मागच्या टोकाला पाड्यातले दोघे, शेजारी लखमीबाय प्लास्टिक धरून. झोळीत कमलेशची बायको संगीता होती. पहाटेपासून कळा सुरू होत्या, ॲम्ब्युलन्स आमच्या काठावर उभी.

मधोमध आल्यावर मागचे दोघे सवयीने थांबले.

मी काठावरून ओरडलो, "अरे चला, थांबता काय!"

कमलेशने बांबू खांद्यावर सावरला आणि पाऊल उचललं. तेवढ्यात झोळीतून संगीताचा हात बाहेर आला. त्या हाताने तिने बांबू घट्ट धरला, दुसऱ्याने तोंडावरचं प्लास्टिक बाजूला केलं. कळ येऊन गेली. मग ती नवऱ्याला म्हणाली,

"थांब. सायबाला आधी फोटो काढू दे."