भोये सरांचा अपुरा पाठ

मोखाड्याच्या अलीकडे चढावर जीपमध्ये रेंज आली आणि वर्गाच्या ग्रुपवरचे मेसेज धडाधड येऊन पडले. सगळ्यात खाली सुनीताचे दोनच शब्द होते : सर गेले. मला वाटलं, गेले म्हणजे नाशिकला. त्या दिवशी त्यांना नाशिकला जाऊन पुन्हा पाठ द्यायचा होता, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. मी लिहिलं, "जागा मिळाली का गाडीत?" तिचा फोनच आला. ती रडत रडतच सांगत होती. जीपवाले काका आरशातून बघत म्हणाले, "काय झालं गं पोरी?" सकाळी एसटी स्टँडवर जायला निघताना, घरातच, सरांचं हृदय थांबलं होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. मला हे नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. भोये सर जव्हारच्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचे आणि शनिवारी पत्रकारितेचा वर्ग घ्यायचे. पहिल्याच तासाला म्हणाले, "मी कधी वर्तमानपत्रात नोकरी केलेली नाही. तुमच्यापेक्षा एक धडा पुढं आहे, एवढंच." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

मग नियम आला. पत्रकारिता शिकवणाऱ्याने प्रशिक्षण पुरं केलेलं पाहिजे, नाहीतर वर्ग बंद. सर नाशिकला जाऊ लागले. तिथं शिकून आलेलं सगळं आमच्यावर करून बघायचे. एकदा मुलाखतीच्या सरावासाठी ते स्वतः बडे अधिकारी झाले आणि आम्ही प्रश्न विचारायचे. विलास म्हणाला, "सर, तुम्ही साहेब शोभत नाही. साहेब आधी आम्हाला तासभर बाहेर बसवतो." सर लगेच उठले, दार लावून घेतलं आणि आतून ओरडले, "मीटिंग चालू आहे!" आम्ही खरंच व्हरांड्यात ताटकळत उभे राहिलो. शेजारच्या वर्गातल्या तारमळे मॅडम, त्या इतिहास शिकवतात, बाहेर येऊन म्हणाल्या, "भोये सर, हे शिकवणं आहे की नाटक?"

शेवटचा टप्पा होता नमुना पाठ. प्रशिक्षण देणाऱ्या बाई नाशिकहून येऊन मागं बसणार, आणि त्यांनी पसंत केला तरच सर पास. सरांनी पाठाचं टाचण किती वेळा बदललं कोण जाणे. त्या दिवशी त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. टाचणात लिहिल्याप्रमाणे त्यांनी मला माझी बातमी वाचायला सांगितली. माझं पहिलं वाक्य होतं, 'पाड्यावरची निम्मी घरं जगायला गेली आहेत.' आमच्याकडे भात निघाला की माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर जातात, त्याला आम्ही असंच म्हणतो.

बाई शांतपणे म्हणाल्या, "वाक्य चांगलं आहे. पण बातमीत आपण स्थलांतर लिहितो. सर, दुरुस्त करून घ्या."

टाचणात तेच होतं : बोलीतल्या शब्दाला प्रमाण शब्द सुचवणे. फळ्यावर लिहायचं आणि पुढं जायचं, इतकंच. सरांनी लिहिलं, स्थलांतर. खडू तसाच धरून ते थांबले. सर, पुढं चला ना... असं मी मनात म्हणत होते.

ते वळले. "कमल, ही बातमी घरी आईला वाचून दाखवलीस, तर ती काय म्हणेल?"

विलास मागून म्हणाला, "आई इचारंल, कोण, तलाठी बदलून गेला का?"

सगळे हसले. मग सुनीता उठली. ती एरवी तोंड उघडत नाही. "सर, स्थलांतर म्हटलं तं माणूस गेला, संपलं. जगायला गेलेलं माणूस होळीला येतंच."

बाईंचं पेन थांबलं. सर म्हणाले, "बरोबर. पण नाशिकचा वाचक हे कसा ओळखणार? त्याला कुठल्या शब्दात सांगशील?" आणि मग कुणाला थांबवणंच शक्य नव्हतं. एक म्हणतो दोन्ही शब्द लिहा, दुसरी म्हणते मग कंसात अर्थ द्या, तिसरा म्हणतो आपल्याला कोण कंसात अर्थ देतं? टाचण टेबलावर तसंच पडलं होतं. घंटा झाली.

"चर्चा चांगली झाली," बाई म्हणाल्या, "पण पाठ अपुरा राहिला, सर. नाशिकला येऊन पुन्हा द्यावा लागेल."

संध्याकाळी स्टँडवर सर भेटले. "कमल, माझा पाठ फसला का गं?"

"नाही सर."

"फसलाच. घड्याळ दिसत होतं मला. पण तुम्ही बोलत होतात ना..." त्यानंतर ते रिकाम्या वर्गात एकटेच पाठ म्हणताना दिसायचे.

सर गेल्यावर प्राचार्यांनी सांगितलं, प्रशिक्षणाला दुसऱ्या कुणी नाव दिलं तर वर्ग राहील, नाहीतर याच सत्रात बंद. आम्ही तारमळे मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अगं, मला बातमीतलं ओ की ठो कळत नाही."

"सरांनाही कळत नव्हतं मॅडम," विलास म्हणाला. मी त्याला कोपर मारलं. मॅडम मात्र खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाशिकची गाडी किती वाजता असते?"

गेल्या शनिवारी, प्रशिक्षणाचा पहिला टप्पा करून येऊन, त्यांनी आमचा तास घेतला. मी बातमी वाचायला उभी राहिले. कुणी वाचायला लागलं की सर फळ्यापाशी कधी थांबायचे नाहीत, शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे आणि म्हणायचे, मागं पोचली तरच बातमी. त्यामुळं त्या बाकावर अजून कुणी बसत नाही. मॅडम चालत मागं गेल्या. बाकापाशी जरा घुटमळल्या, आमच्याकडे पाहिलं. त्या हळूच बसल्या.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं."