आबांच्या कावडीचं धनुष्य

आमच्या घरात जपून ठेवलेली अशी एकच वस्तू होती. ती मी चार दिवसांत तासून संपवली, आणि त्याबद्दल मला प्रमाणपत्र मिळालं.

वस्तू म्हणजे कावडीची काठी. खांद्यावर आडवी घेऊन दोन्ही टोकांना घागरी अडकवतात, तीच. आजोबांनी किनवटच्या जंगलातून आणलेली, धामणीच्या लाकडाची. धामण वाकते पण मोडत नाही. (हा गुण आमच्या घराण्यात फक्त काठीत उतरला.) गावात हातपंप येऊन वर्षं झाली, कावडीनं पाणी वाहायचं कधीच संपलं, तरी ती काठी वंदनेच्या फोटोंच्या वर, दोन खुंट्यांवर आडवी असायची. दर पौर्णिमेला आबा, म्हणजे माझे वडील, ती खाली काढत, जवसाचं तेल चोळत आणि परत ठेवत. का, ते कुणी विचारलं नाही. आमच्या घरात खायला कमी होतं, आणि बोलायला त्याहून कमी.

हे जळकोटपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावातलं. मी तेव्हा अकरावीत होतो. नुकताच लातूर जिल्हा वेगळा झाला होता, आणि नव्या नवरीला जसं सगळं नवं लागतं तसं नव्या जिल्ह्याला सगळं नवं हवं होतं. एके दिवशी आमचे खेळाचे बिराजदार सर वर्गात आले.

"पोरांनो, आता हरायला उस्मानाबादला जायची गरज न्हाई. आपल्याला लातुरातच हरता येतंय."

मग त्यांनी खेळांची यादी वाचली. यादीत तिरंदाजी होती. तिरंदाजी आम्ही फक्त कॅलेंडरवर पाहिली होती. सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली.

"मिलिंद, तुला पळता येत न्हाई."

"न्हाई सर."

"उडी?"

"न्हाई सर."

"उभा राहता येतंय?"

"हाव सर."

"तिरंदाजीत नुसतं उभंच राहायचं असतंय. तुझं नाव घातलं. धनुष्य घरून आणायचं."

मी लहानपणापासून अंगानं जड. आमच्या गल्लीत जड माणूस म्हणजे नवलच, कारण जड व्हायला जे लागतं ते कुणाकडेच नव्हतं. पण कुठल्या तरी खेळात माझं नाव निघालं होतं, आणि ते आयुष्यात पहिल्यांदाच. मला एवढा आनंद झाला की डोकं चालेना. धनुष्य आणायचं कुठून? मी घरी आलो, पाणी प्यायलो, आणि पेला खाली ठेवताना वर बघितलं.

त्याच आठवड्यात मुखेडला आत्याच्या मुलीचं लग्न होतं. आबा आणि माय पाच दिवसांसाठी गेले. शेळीला बघायला मी मागे राहिलो. निघताना आबा म्हणाले, "घराकडं ध्यान ठेव." एसटी वळणाआड गेली आणि मी खुंटीवरची काठी काढली.

आता माझी बाजूही ऐका. काठी तोडायची नाही, फक्त थोडी तासायची, दोर लावायचा, स्पर्धा झाली की दोर सोडायचा आणि काठी परत वर. आबांना कळणारही नाही. (सतराव्या वर्षी माणूस कशावरही विश्वास ठेवतो.) शिवाय काठीवर मधे एक खाच आयतीच होती, मुठीत नेमकी बसणारी. मी म्हटलं, ही तर धनुष्य व्हायलाच जन्मली आहे! खाचेवर चिंधी गुंडाळून मी मूठ तयार केली आणि सल्ला घ्यायला इस्माईलचाचांकडे गेलो.

चाचा पिंजारी. गावातल्या सगळ्या गाद्या-रजयांचा कापूस त्यांच्या कमानीवर पिंजलेला. कमानीतलं कळणारा पंचक्रोशीत एवढा एकच माणूस, असा माझा हिशोब.

"बेटा, दोर तर ही घे, तात. बकऱ्याच्या आतड्याची हाय, तुटणार न्हाई. पण लाकूड वाकून राहिलंय की रे."

"वाकायलाच पायजे ना चाचा?"

"वाकल्यावर कमान कसली? माझी बघ. चाळीस वर्षं झाली, सूतभर वाकली न्हाई."

त्यांची कमान न वाकणारीच असते, हे त्यांना माहीत होतं. माझी वाकणारी हवी, हे मला माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकांना सांगायला आम्हाला अर्धा दिवस लागला. शेवटी मी तात घेऊन घरी आलो.

धनुष्याचं एकच शास्त्र आहे. मुठीच्या दोन्हीकडचे हात सारखे वाकले पाहिजेत. एक वाकला आणि एक अकडून राहिला, तर बाण तिरका जातो. म्हणून मी धनुष्य मुठीपाशी खुंटीवर टांगलं, तातीच्या मधोमध बादली अडकवली आणि बादलीत धोंडे टाकत गेलो. मागच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या, कुठला हात किती खाली येतो ते बघायला. उजवा छान वाकला. डावा तसाच ताठ.

मी डावा तासला. सुताराकडून मागून आणलेला रंधा, आणि शेवटचा हात मारायला फुटक्या बाटलीची काच. परत टांगलं. डावा अजून ताठ. परत तासला. आता डावा एवढा वाकला की उजवा ताठ वाटायला लागला. मग उजवा तासला. तेवढ्यात डावा रुसला. दोन बोक्यांचं लोणी वाटणाऱ्या माकडाची गोष्ट मी चौथीत पाठ म्हणून दाखवली होती, पण त्यात माकड मीच होईन हे बाईंनी सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी काठी मनगटाएवढी होती. दुसऱ्या दिवशी खुरप्याच्या मुठीएवढी. तिसऱ्या दिवशी चाचा बघायला आले, त्यांनी बोटानं दाबून पाहिली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्या अंगठ्याएवढी झाली होती आणि दोन्ही हात अजून सारखे वाकत नव्हते. पाण्याच्या दोन घागरी पेलणारी काठी आता अर्ध्या बादलीला कमरेत लवत होती. घरभर लाकडाच्या ढलप्या, त्यातल्या काही शेळीनं खाल्लेल्या.

आणि दारात आबा उभे. मागे माय, तिच्या डोक्यावर लग्नातल्या बुंदीचं गाठोडं. एक दिवस आधीच आले होते.

मी बादली हातात धरून उभा राहिलो. उभं राहणं हाच माझा खेळ होता. मायनं गाठोडं खाली ठेवलं, खाली वाकून लाकडाची एक ढलपी उचलली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी म्हटलं, आता त्याच काठीनं मार बसणार, पण तिच्यात आता मारण्याएवढा जीवही उरला नव्हता. आबांनी धनुष्य खुंटीवरून काढलं, मुठीची चिंधी सोडली आणि खाचेवर अंगठा फिरवला.

"खाच तेवढी ठिवलीस," ते म्हणाले.

"आबा, दोन्हीकडनं सारखी वाकतच न्हाई. लई तासली."

"कशी वाकंल? खाच मधात न्हाईच. चार बोटं सरकून हाय."

"मग अशी कशाला केली?"

आबांनी मायकडे बघितलं. माय म्हणाली, "सांगा आता त्याला."

शांता माझी धाकटी बहीण. ती मोठ्या दुष्काळात गेली, मी सात वर्षांचा, ती पाच. आम्ही निलंग्याकडे तलावाच्या कामावर गेलो होतो एवढं मला माहीत होतं. जाताना कसे गेलो, येताना कसे आलो, मला काही आठवत नाही. मला फक्त सुकडी आठवते. कामावरच्या पोरांना वाटीभर सुकडी मिळायची, पीठ आणि गूळ. शांताच्या पोटात काही ठरत नव्हतं. ती वाटी माझ्याकडे सरकवायची आणि मी दोन्ही वाट्या चाटून पुसून ठेवायचो.

"तुमाला दोघांला कावडीत घालून नेलं," आबा म्हणाले. "एका टोपल्यात तू, एका टोपल्यात ती. तू जड, ती हलकी. कावड तुझ्याकडं कलायची. म्हणून विळ्यानं ही खाच केली, तुझ्या अंगानं चार बोटं. मंग बरोबर तोललं."

म्हणजे चार दिवस जो डावा हात मी ताठ आहे म्हणून तासत होतो, तो आखूड होता. माझ्या बाजूचा होता.

"आन् येताना?" मी विचारलं.

आबांनी परत खाचेवर अंगठा ठेवला.

"येताना ती न्हवती. तुला ताप होता, तू चालून राहिला न्हवतास. एका टोपल्यानं कावड चालत न्हाई. खांद्याला खाचंची सवय झालती. मंग तलावातला एक धोंडा घेतला. तिच्याएवढा. दोन-तीन उचलून बघितले, मंग तिच्याएवढा घावला."

"तो धोंडा कुठं हाय?"

"वेशीपाशी टाकला. दगडच होता त्यो."

माय पदरात तोंड घालून रडत होती. मला रडायलाही लाज वाटत होती. मी म्हणालो, "आबा, मी नाव काढून घेतो. मला न्हाई जायचं."

"काढून काय काठी जाड होनार हाय का?" आबा म्हणाले. "आण ती काच."

त्यांनी काठी एका बोटावर आडवी तोलली. ती थरथरली आणि थांबली. तिथं कोळशानं खूण केली, त्या खुणेवर चिंधी बांधली. मग दारात बसून दोन्ही हात काचेनं असे हळूहळू खरवडले की पावडर पडावी. खाचेला त्यांनी काच लावली नाही. मी भिंतीपाशी उभा राहून कुठला हात ताठ आहे ते सांगत होतो. दिवस मावळायच्या आत धनुष्य खुंटीवर टांगलं, बादली अडकवली, आणि दोन्ही टोकं कोळशाच्या एकाच रेघेवर आली. त्या घरात एवढं सारखं मी कधी काही बघितलं नव्हतं.

स्पर्धेला मी तुराटीचे तीन बाण घेऊन गेलो. बाकीच्या मुलांची धनुष्यं कळकाची होती, वाकडीतिकडी, पण जोरकस. माझं धनुष्य सगळ्या जिल्ह्यात सर्वांत सुरेख वाकत होतं, आणि तेवढंच करत होतं. पहिला बाण दहा पावलांवर पडला. दुसरा आठ. तिसऱ्या वेळी पंच स्वतः पुढे आले, बाण उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "राहू द्या." सहभागाचं प्रमाणपत्र सगळ्यांनाच होतं. बिराजदार सर खूश झाले. म्हणाले, "उभा मात्र चांगला राहिलास."

घरी आलो तेव्हा आबा शेळीला पाला टाकत होते.

"कितवा आलास?"

"शेवटचा."

"दोन्हीकडनं सारखं वाकलं का न्हाई ते सांग."

"वाकलं आबा."

"मंग झालं," ते म्हणाले आणि पाला टाकत राहिले.

तात सोडून काठी मी परत खुंट्यांवर ठेवली. आबा होते तोवर दर पौर्णिमेला तेल चोळत राहिले. तेल आता फार कमी लागायचं. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

परवा गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, "काका, हल्ली फारच जड झालात."

मी म्हटलं, "हल्ली नाही डॉक्टर. दुष्काळापासून."