मिलानला समुद्र नाही

उद्धवराव झरीकरांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांच्या बायकोचं, सुमंगलाबाईंचं, म्हणणं. उद्धवरावांचं म्हणणं नेमकं उलटं. कारणं इतकी आहेत की राग पुरवून पुरवून वापरावा लागतो. माणूस जमीन मोजणीच्या खात्यात. उन्हातान्हात गावोगाव जायचं, बांधावर साखळी ओढायची, हद्दीचा दगड रोवायचा आणि पाठ वळली की तो दगड चालायला लागायचा. दगडाला पाय नसतात असं शाळेत शिकवतात. मोजणीदाराला तसं शिकवून चालत नाही. मग तक्रार, मग अपील, मग फेरमोजणी. फेरमोजणीला दुसराच माणूस जायचा आणि रेघ बरोबर तिथं पडायची, जिथं ती पडावी असं एखाद्या जीपवाल्याला पहिल्यापासून वाटत असायचं. आपण ओढलेल्या रेघांपैकी जागच्या जागी किती राहिल्या, हे उद्धवरावांना विचारायची सोय नव्हती. विचारलं की ते ताटावरून उठायचे.

असा माणूस फावल्या वेळात मध्ययुगातल्या इटलीचा नकाशा काढील आणि त्यावर राज्यं जिंकायचा खेळ बसवील, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण त्याच्याही मुळाशी रागच होता.

बढतीच्या आशेनं उद्धवराव बाहेरून बी.ए. करायला बसले होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं का नाही यावरनं मराठवाडा पेटला, तेव्हापासून त्यांची परीक्षा या ना त्या कारणानं रखडत गेली. आणि दिली तेव्हा युरोपच्या इतिहासात ते सपशेल आपटले. इटलीतल्या राज्यांच्या आपसातल्या भांडणांवर प्रश्न होता. उद्धवरावांनी उत्तराऐवजी कैफियत लिहिली, की नेमलेल्या पुस्तकात भांडण पानोपानी आहे, पण नकाशा एकही नाही. कोण कुणाचा शेजारी हे कळल्याबिगर कोण कुणाशी का भांडतो हे कसं कळावं? चतुःसीमा न लिहिता कुठं खरेदीखत होतं का? परीक्षकानं या सवालाचं उत्तर दिलं नाही. मार्कही दिले नाहीत.

"ह्याला इतिहास म्हणायचा?" उद्धवराव घरात कडाडले. "शेजारी कोण ते सांगत न्हाईत, अन् भांडणाची कारणं लिहा म्हणतेत!"

"मग तुमीच काढा की नकाशा," सुमंगलाबाई म्हणाल्या. "पण आधी मोरी काढा. तुंबून बसलीय."

मोरी तुंबलेलीच राहिली. कचेरीतल्या कंडम सामानाच्या लिलावात उद्धवरावांनी एक जुनी मोजणीची फळी घेतली होती, ती त्यांनी घासूनपुसून काढली. शाळेतल्या नकाशाच्या पुस्तकावरून चौकटी पाडून इटली मोठी केली. समुद्राला कपड्याची नीळ, मिलानला पिवळा, जिनोआला तांबडा, व्हेनिसला हिरवा, फ्लॉरेन्सला जांभळा, आणि पोपच्या मुलखाला पांढरा. हात मोजणीदाराचा, त्यामुळं इटलीही मोजणीदाराचीच झाली. शिवेला ठिपका-रेघ, गाडीरस्त्याला दुहेरी रेघ, पाऊलवाटेला तुटक, तीन शिवा मिळतात तिथं दगडाची खूण. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण, खाली प्रमाण, आणि सवयीनं, सही.

खेळाचे नियम मात्र युरोपातल्या कुठल्याच राजाला सुचले नसते. ज्याच्या त्याच्या राज्याच्या रंगात रंगवलेले चिंचोके म्हणजे फौज, कवड्या टाकून ती हलवायची. वाट असल्याशिवाय कुणाच्या मुलखात शिरायचं नाही. शेजाऱ्याच्या फौजेला आपल्यातनं लागोपाठ तीनदा जाऊ दिलं, की ती त्याची वहिवाट झाली. मग जन्मभर अडवता येत नाही. आणि पोपचा मुलूख म्हणजे देवस्थानची इनाम जमीन. कुणी विकायची नाही, कुणी घ्यायची नाही, पोपनं नुसतं उत्पन्न खायचं.

"असं पुस्तकात हाय का?" कुणी विचारलं तर उद्धवराव खवळायचे. "नसल तर चूक पुस्तकाची! वाटेवरून न्हाई, तर एवढी शहाणी माणसं काय फुकट भांडत होती?"

फळी लटकली देवगाव फाट्यावर, चतुराबाईंच्या हॉटेलात. फाट्यावर कुणी राहत नाही, सगळे थांबतात. सेलूची गाडी गेलेली असते, जिंतूरची यायची असते, आणि मधला वेळ सरकारनं तुम्हाला फुकट दिलेला असतो. उद्धवरावांची निम्मी नोकरी या बाकड्यावर गेली. चतुराबाई विधवा, जिभेनं तिखट, हातानं त्याहून तिखट. त्यांची भजी खाऊन लोक बस चुकवायचे. हॉटेल बांधकाम खात्याच्या जागेत, म्हणजे कुणाच्याच बापाचं नाही, असा त्यांचा हिशेब.

पहिल्या दिवशी राज्यं वाटली गेली, तेव्हाची गोष्ट फाट्यावर अजून सांगतात. पहिला मान अर्थात दिनकररावांचा. फाट्याच्या दोन्ही अंगांनी त्यांची शेती, दारात जीप, सोसायटीचे चेअरमन. ते नकाशावर वाकले आणि सौद्याला आल्यासारखे विचारायला लागले.

"ही नदी कोणती?"

"पो."

"पाणी?"

"बारमाही."

"माती?"

"गाळाची. भारी."

"मग काय बघायलाय? मिलान आपलं."

आश्रुबा म्हणून एक साधा शेतकरी गडी होता, त्यानं व्हेनिस घेतलं. "शहर पाण्यात हाय म्हनता न्हवं? मंग तेच द्या. गावाकडं पेयाला न्हाई, हितं तर डुंबू." निवृत्त मास्तर किशनराव पोप झाले, कारण त्यांना हलायचा कंटाळा. फ्लॉरेन्स उद्धवरावांनी ठेवलं. उरलं जिनोआ: समुद्राकाठची चिंचोळी पट्टी, पाठीशी डोंगर, नांगर घालायला हातभर जागा नाही.

"ते खडकाळ कंट्रोलरला द्या," दिनकरराव म्हणाले.

कंट्रोलर म्हणजे फाट्यावरचा एसटीचा वाहतूक नियंत्रक, पंडित. बौद्धवाड्यातला, शिकलेला, नामांतराच्या सत्याग्रहात तुरुंगाचं पाणी चाखून आलेला. आवाज मऊ, शिट्टी कडक. "द्या," तो हसून म्हणाला. "आमाला खडकाची सवय हाय."

आता यात गंमत अशी, की समुद्राला शीव नसते. जहाजाला कुणाची वाट मागावी लागत नाही, वहिवाटीची भीती नाही. पंडितनं हे दुसऱ्याच डावात ओळखलं. गाड्यांच्या नोंदी करता करता तो एक चिंचोका समुद्रात सोडायचा आणि शिट्टी मारून परत यायचा तोवर कुठं तरी बंदरात माल उतरलेला असायचा. मीठ समुद्राचं, आणि मिठाशिवाय फौजेला एका घराच्या पुढं सरकता येत नाही, हा उद्धवरावांचाच नियम. व्हेनिसलाही समुद्र होता, पण आश्रुबा तिथं नुसता डुंबत बसला. पावसाळा संपेस्तोवर भारी मातीचं, बारमाही पाण्याचं मिलान मीठ मागायला जिनोआच्या दारात उभं राहिलं.

"मालक, आळणी खा आता!" आश्रुबा म्हणाला, आणि जिंतूरच्या गाडीची वाट बघणारे सगळे खदखदले.

दिनकरराव हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी उद्धवराव आले तशी त्यांनी सरळ गोष्ट काढली. "मोजणीसायब, मिलानची हद्द खाली वढा. समुद्रापत्तर. जिनोआची बोटभर पट्टी, फार न्हाई."

"कशापायी?"

"एवढी मोठी जमीन, अन् तिला समुद्र न्हाई? शोभतं का?"

"तुमीच निवडली. माती बघून."

"तवा कुणाला ठाव होतं? आन् काय हो, तुमचा हा कंट्रोलर अख्ख्या विद्यापीठाचं नाव बदला म्हणून बोंबलत फिरतो, ते चालतं. नकाशातली एक रेघ बदलली तर काय आभाळ कोसळायलंय?"

पंडितनं नोंदवहीतून मान वर केली. "नाव मागतो आमी, दिनकरराव. कुणाचं वावर न्हाई मागत. अन् ही पट्टी खडक होती, तवा कुणीच मागितली न्हाई."

किशनराव पोप, त्यांना मध्यस्थीची हौस. घसा खाकरून म्हणाले, "तसं पाहिलं तर उद्धवराव, इतिहासात मिलानच्या सरदारांनी जिनोआ काही काळ घेतलेलं होतं, बरं का."

"घेतलं होतं! घेतलंच होतं!" उद्धवरावांचा चहा बशीतून मांडीवर आला. "कसं घेतलं? खोडरबरानं? फौज आणली अन् घेतलं! मग आणा की. ही बघा, डोंगरातनं तुटक रेघ, ती वाट, एकाच घराची. टाका कवड्या, उतरा खाली, घ्या जिनोआ. मी सोता तिथं पिवळे चिंचोके मांडतो. मिलाननं समुद्र घेऊ नये असं कुणी म्हणलं? पण रेघ सरकायची न्हाई!"

सगळ्यांनी दिनकररावांकडे पाहिलं. कवड्या टेबलावरच होत्या. दिनकररावांनी त्या उचलल्या नाहीत. त्यांनी पंडितकडेही पाहिलं नाही, पंडितच्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "म्या ह्याच्यासंगं कवड्या टाकू? अन् हरलो मंग?"

चतुराबाईंनी झारा कढईत आपटला. इतके डाव झाले, पण मिलानची एक फौज कधी डोंगराकडं वळली नव्हती, हे तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडल्यासारखं आलं. पंडितशी समोरासमोर लढायचंच नव्हतं. जिंकण्याहारण्याच्या आधीच ते कमीपणाचं होतं. नकाशा गुपचूप सरकला असता, तर मात्र त्यात काही कमीपणा नव्हता.

त्यानंतर उद्धवराव झरीकडच्या मोजणीला गेले. परतून फाट्यावर उतरले तर भिंतीवर इटली वेगळीच. मिलानचा पिवळा रंग डोंगर ओलांडून थेट समुद्रात पाय सोडून बसलेला. रंग इतका जाड, की खालची वाट, शीव, दगडाची खूण, सगळं गुडूप.

"म्या दूध आणाया गेल्ते," चतुराबाई म्हणाल्या. "दिनकररावानं इलेक्शनच्या पाट्यावाला पेंटर आणला. तेनं रंगवलं अन् जीपमंदी बसून गेला. पंडितदादा ड्यूटीवर; काय करील बिचारा?"

उद्धवरावांनी पिवळ्यावर बोट टेकवलं, तर बोटाला रंग लागला. सरकारी रेघ पुसली की अपील असतं, निदान कागदाला कागद लागतो. इथं कुणाकडं जायचं? एक फळी, एकच, जिच्यावर कुणाची चिठ्ठी चालत नव्हती, आणि तिच्यावरही दिवसाढवळ्या रंगाचा डबा ओतून जातात! त्यांचे कान लाल झाले. "बाई, घासलेट आणा," ते म्हणाले, "अन् एक फडकं."

अर्धवट वाळलेला पिवळा पुसता पुसता खालचा तांबडाही गेला, नीळही गेली. उघडं लाकूड दिसायला लागलं. तेव्हा उद्धवरावांनी पिशवीतली स्टीलची पट्टी काढली, पेन्सिलीला टोक करायचा चाकू काढला आणि मिलानची शीव लाकडात कोरायला घेतली. रंगवलेली नव्हे, कोरलेली. डोंगरातली वाटही कोरली, दगडाची खूणही. बस आल्या, गेल्या. पंडित शिट्टी मारायचा आणि परत येऊन फळी धरून ठेवायचा.

जीप आली. दिनकरराव दारातच थांबले.

"सायब, हे बरं न्हाई. आमाला सगळीकडं ओळख हाय. बदलीचा कागद निघायला येळ लागत न्हाई."

"काढा," उद्धवराव मान वर न करता म्हणाले. "जिथं पाठवाल तिथं बी शिवा हाईत. पण ही रेघ आता रंगानं जात न्हाई. फळी जाळावी लागंल. जाळायची तर आत्ता, माझ्या देखत जाळा. अन् खेळायचं तर ह्या कवड्या. तिसरं काय करता येत न्हाई तुमाला."

दिनकररावांनी कवड्यांकडं पाहिलं, पंडितकडं पाहिलं, आणि बाहेर जीपपाशी जमलेल्या उतारूंकडं पाहिलं. मग, "पोरखेळ," म्हणाले आणि निघून गेले. फाट्यावर ते चहाला पुन्हा आले, पण फळीकडं पाठ करून बसायला लागले.

मिलान ओस पडलं. आश्रुबा म्हणाला, पडीक जमीन कुणी तरी कसावी. तेव्हा चतुराबाईंनी पदराला हात पुसले आणि बाकड्यावर येऊन बसल्या.

"ही तुटक रेघ म्हंजी पाऊलवाट न्हवं?"

"व्हय."

"अन् तिकडं खाली पंडितदादाचं बंदर. फौज कुठंय त्याची?"

"जहाजावर गेली," पंडित म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा बदलला.

"मंग मी उतरते," चतुराबाई म्हणाल्या आणि कवड्या टाकल्या. इतक्या दिवसांत दुसऱ्यांच्या कवड्या बघून बघून बाईंचा हात बसला होता म्हणा किंवा नशीब म्हणा, पण सेलूची गाडी लागायच्या आत जिनोआ पडलं. उद्धवरावांनी शब्दाप्रमाणं जिनोआच्या पट्टीवर पिवळ्या रंगाचे चिंचोके मांडले. कोरलेली शीव होती तिथंच राहिली.

"सायब, बघा की हे!" पंडित ओरडला.

"काय बघू? वाटेनं आल्या, कवड्या टाकल्या, घेतलं."

"अवो, पण आता मी मीठ कुठनं आणू?"

"माझ्याकडं यायचं," चतुराबाई उठता उठता म्हणाल्या. "पण शिट्टी मारायची न्हाई. रांगेत थांबायचं."